एका गोळीचा माग: सरकारी रुग्णालयातल्या खरेदीचा जाब कसा विचारायचा

माहितीच्या अधिकारातला माझा पहिला अर्ज एका ग्रामीण रुग्णालयाकडे केला होता आणि तो साफ फसला. ‘गेल्या पाच वर्षांतील सर्व औषध खरेदीची माहिती मिळावी’ असं मी ऐटीत लिहिलं होतं. महिन्याभरात पत्र आलं: माहिती ३,४०० पानांची आहे, पानाला दोन रुपये प्रमाणे ६,८०० रुपये भरा. पैसे भरले असते तरी त्या ढिगाचं मी काय करणार होतो, हा प्रश्नच होता.

दुसरा अर्ज एकाच औषधाचा, एकाच आर्थिक वर्षाचा केला. अकरा पानं आली. साठा नोंदवहीत माल जमा झाल्याची तारीख १४ मार्च होती, आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीवर माल निघाल्याची तारीख २९ मार्च. माल गोडाऊनमधून निघायच्या पंधरा दिवस आधीच रुग्णालयाच्या कपाटात पोचला होता! खाली तिघांच्या सह्या आणि शिक्का: ‘माल तपासून व मोजून घेतला.’

खरेदीतल्या गैरव्यवहाराला जबाबदार कोण, हे भाषणात कधीच ठरत नाही, ते अशा सहीवर ठरतं. पुढची सगळी वाट त्या सहीपर्यंत पोचण्याची आहे. मी महाराष्ट्रापुरतंच लिहितोय, कारण इथलेच कागद मी चाळलेत.

आधी रुग्णालय कोणाचं ते बघा

निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जातात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक प्रमुख. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे अधिष्ठाता. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेची, आणि त्यांची बरीच खरेदी महापालिकेच्या मध्यवर्ती खरेदी खात्यातून होते. नागपूरचं एम्स किंवा कामगार विमा महामंडळाचं रुग्णालय असेल तर मामला केंद्राचा. तिथे २०१७चे सामान्य वित्तीय नियम आणि जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल लागू होतं, आणि तक्रारीची वाट केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाते.

दुसरा प्रश्न, खरेदी केली कोणी? २०१७पासून राज्याची मोठी खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. २०२३मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत एक प्रश्न या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, असाही होता. वरून पुरवठा अडला की रुग्णालयं स्थानिक खरेदी करतात. पैसा जिल्हा नियोजन समितीचा असू शकतो, रुग्ण कल्याण समितीचाही. कोणत्या पैशातून आणि कोणत्या पातळीवर खरेदी झाली हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर ‘ही बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढंच उत्तर हातात पडेल.

औषधावरच संशय असेल तर हा क्रम सोडा

गोळी खोटी किंवा निकृष्ट वाटत असेल तर माहिती अधिकारात महिना घालवू नका. रिकामी असो की भरलेली, स्ट्रिप जपून ठेवा. औषधाचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, उत्पादन व मुदतीची तारीख आणि ‘शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही’ हा छाप, सगळं दिसेल असा फोटो काढा. केसपेपरचाही काढा. मग अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. औषध निरीक्षक रुग्णालयाच्या भांडारातून रीतसर नमुना घेतो, त्याचे भाग करून सीलबंद करतो आणि एक भाग शासकीय विश्लेषकाकडे पाठवतो. तुमच्या हातातली उघडी गोळी पुरावा म्हणून फारशी टिकत नाही. टिकतो तो निरीक्षकाचा नमुना. म्हणून तुमचं काम बॅच क्रमांक पोचवण्याचं, आणि तो साठा संपायच्या आत.

नागपूर जिल्ह्यातलं कळमेश्वर आठवा. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या ग्रामीण रुग्णालयातल्या अँटिबायोटिक गोळ्या बनावट असल्याचं औषध निरीक्षकाच्या तपासणीतून बाहेर आलं. सप्टेंबर २०२४मध्ये पोलिसांनी सुमारे १,२०० पानांचं आरोपपत्र दाखल केलं. गोळ्यांत औषधाऐवजी टॅल्कम पावडर आणि स्टार्च होतं, आणि माल हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेतून आला, असा त्यातला आरोप आहे. या गोळ्याही निविदा, पुरवठा आदेश आणि चलन (मालासोबत येणारी पावती) या रस्त्यानेच आल्या होत्या.

जुनं उदाहरण जे. जे. रुग्णालयाचं. १९८६च्या सुरुवातीला तिथे १४ रुग्ण ग्लिसरॉलमुळे मरण पावले. औषधी ग्लिसरॉलच्या जागी कारखान्यात वापरायचं, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन आलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादारावरच न थांबता रुग्णालय प्रशासन, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्री यांच्यापर्यंत बोट नेलं. अहवाल आल्यावर १९८८मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. खरेदीच्या साखळीत कोण कोण येतं हे ज्यांना बघायचं असेल, त्यांना तो अहवाल अजून शिकवतो.

कागदांची साखळी

औषध असो की मशीन, प्रवास ठरलेला असतो. वॉर्डातून किंवा भांडारातून मागणीपत्र निघतं. त्यावर तांत्रिक तपशील, म्हणजे स्पेसिफिकेशन, ठरतं. प्रशासकीय मान्यता मिळते. मग निविदा, किंवा आधीच झालेला दरकरार. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो, नंतर दराचा. तुलनात्मक तक्ता बनतो, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, ठरतो. पुरवठा आदेश जातो. माल चलनासह येतो, समिती तपासते, औषध असेल तर बॅचचा चाचणी अहवाल जोडला जातो. साठा नोंदवहीत, आणि ई-औषधी या ऑनलाइन साठा प्रणालीत, जमा. शेवटी देयक कोषागारात.

यातला निविदेचा भाग अर्ज न करताही बघता येतो. महाटेंडर्स या राज्याच्या निविदांच्या संकेतस्थळावर निविदेचा क्रमांक टाकला की किती जणांनी भरली, कोण तांत्रिक फेरीत बाद झालं, कोणाला काम मिळालं हे बहुतेकदा दिसतं. तिथून सुरुवात करा. फुकट आहे आणि कोणाला चाहूलही लागत नाही.

खोट कुठे शोधायची

मार्च महिन्यात. निधी ३१ तारखेला परत जातो म्हणून माल यायच्या आधी ‘मिळाला’ लिहून बिल काढायचं, ही रीत इतकी रुळली आहे की काही कार्यालयांत तिला कोणी चूकही म्हणत नाही. पण तो खोटा दाखला असतो, आणि त्याच्या आडून कधी न आलेल्या मालाचंही बिल निघून जातं. चलन, ट्रान्सपोर्टची पावती, नोंदवही आणि देयक या चार तारखा शेजारी शेजारी लिहून बघा.

मग तुकडे. ठरावीक रकमेच्या वर ई-निविदा लागते. ही मर्यादा शासन निर्णयांनी बदलत आली आहे, त्या वर्षी लागू असलेली घ्या. एकाच वस्तूचे, एकाच पुरवठादाराला, आठवड्याभरात मर्यादेच्या जरा खाली राहणारे चार आदेश गेले असतील तर हे तुकडे पाडणं झालं. १ डिसेंबर २०१६ची राज्याची खरेदी नियमपुस्तिका आणि केंद्राचे वित्तीय नियम, दोन्हींत याला मनाई आहे. सिद्ध करायला हा सगळ्यात सोपा प्रकार, कारण आदेश स्वतःच बोलतात.

स्पेसिफिकेशनमधला डाव पकडायला वेळ लागतो. एखाद्या मशीनची रुंदी, वजन, पडद्याचा आकार इतका नेमका लिहिलेला असतो की बाजारातलं एकच मॉडेल त्यात बसतं. अशा वेळी दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रकं उघडून रकानेवार ताडून बघा. निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त जरूर मागवा. डावलल्या गेलेल्या कंपनीने तिथे हरकत नोंदवलेली असते आणि तिला काय उत्तर मिळालं हेही त्यातच असतं.

रिंग, म्हणजे आपसात ठरवून भरलेल्या निविदा. हरणाऱ्या दोघांचे दर जिंकणाऱ्याच्या दरापेक्षा प्रत्येक वस्तूला एकाच टक्क्याने जास्त. बयाणा रकमेचे, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीचे, डिमांड ड्राफ्ट एकाच शाखेचे, लागोपाठच्या क्रमांकांचे. तिन्ही अर्जांत शुद्धलेखनाची तीच चूक. मी एकदा तिन्ही ‘वेगवेगळ्या’ कंपन्यांच्या लेटरहेडवर ‘प्रमाणपत्र’ हा शब्द एकाच तऱ्हेने चुकलेला पाहिला आहे. या प्रकाराची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडेही होते. २००२च्या स्पर्धा कायद्यात निविदांमधलं संगनमत स्पष्ट शब्दांत बेकायदा आहे.

दराच्या बाबतीत मात्र जपून. ‘बाहेर अर्ध्या किमतीत मिळतं’ हे वाक्य तक्रारीत लिहिण्याआधी तुलना सारखी आहे ना ते बघा: तीच मात्रा, तेच पॅकिंग, जीएसटी धरून की सोडून, आणि मशीन असेल तर पाच वर्षांची देखभाल त्यात आहे का. तमिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४पासून खरेदी करतं आणि त्याचे दर उघड असतात; राजस्थानच्या महामंडळाचेही पाहता येतात. औषध किंमत नियंत्रणाखालचं असेल तर कमाल किंमतही जाहीर असते. या तुलनेनंतरही दर दुप्पट-तिप्पट उरला तर बोला. मुदत संपलेल्या औषधांचा ढीग पाहूनही लगेच ‘घोटाळा’ ओरडू नका. साथ ओसरली, मागणी चुकली, असं खरंच होतं. ढीग कसा तयार झाला ते मागणीपत्र सांगतं. भांडारात आधीच वर्षभराचा साठा असताना नवी मागणी कोणी लिहिली, ते शोधा.

अर्ज असा लिहा

महाराष्ट्राच्या नियमांनुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. हे बंधन मला सुरुवातीला जाचायचं, आता त्याचा फायदाच वाटतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र ‘अ’, आणि मजकूर साधारण असा:

‘विषय: सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मि.ग्रॅ. गोळ्यांची खरेदी. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. हवी असलेली माहिती: १) मागणीपत्रांच्या प्रती. २) पुरवठा आदेश. ३) चलने, वाहतूक पावत्या व देयके. ४) बॅचनिहाय चाचणी अहवाल. ५) माल तपासणी समितीचे अहवाल, सदस्यांची नावे व पदनामांसह. ६) साठा नोंदवहीतील या औषधाची पाने. ७) संबंधित नस्तीची टिपणी बाजू. ८) वरील अभिलेखाचे प्रत्यक्ष निरीक्षण करावयाचे आहे, दिनांक व वेळ कळवावी.’

सातवा मुद्दा विसरू नका. नस्ती म्हणजे फाइल. तिची पत्रव्यवहाराची बाजू सगळे देतात, खरी गोष्ट टिपणीत असते: कोणत्या लिपिकाने ‘दर जास्त वाटतो’ लिहिलं आणि कोणी त्याखाली ‘तातडीची बाब, मान्य’ अशी सही केली. आठवा मुद्दाही तितकाच कामाचा. प्रत्यक्ष नोंदवही समोर आली की खाडाखोड, व्हाइटनर, मध्येच वेगळ्या शाईत घुसवलेली ओळ दिसते. झेरॉक्समध्ये हे सगळं सपाट होतं. जाताना कोणाला तरी सोबत न्या आणि निघताना ‘अमुक नोंदवह्या पाहिल्या’ असं लिहून पोच घ्या.

उत्तराची मुदत ३० दिवस. ती टळली तर माहिती फुकट द्यावी लागते. ‘व्यापारी गुपित’, ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ ही दोन कारणं हमखास येतात. निविदा उघडून आदेश दिल्यावर दरात गुपित कसलं, आणि सार्वजनिक पैशाचा प्रश्न असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) तुमच्या बाजूने आहे, हे पहिल्या अपिलात लिहा. अपील ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टँपवर. त्यापुढचं दुसरं अपील ९० दिवसांत माहिती आयोगाकडे. ते दाखल जरूर करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. आयोगाकडे प्रकरणं वर्षानुवर्षं तुंबतात.

क्रमाची एक गोष्ट मी ठेच लागून शिकलो. आधी कागद, मग तक्रार. चौकशी सुरू झाली की नस्ती ‘चौकशीकामी वरिष्ठांकडे’ जाते आणि चौकशीला बाधा येईल असं सांगून माहिती नाकारली जाते.

तक्रार

दोन पानांच्या वर नको. तारीखवार घटना, प्रत्येकीपुढे जोडपत्राचा क्रमांक. ‘भ्रष्ट’, ‘चोर’, ‘टोळी’ हे शब्द गाळा. बदनामीच्या खटल्याची भीती हे एक कारण, आणि असा अर्ज वाचणारा तिसऱ्या ओळीत कंटाळतो हे दुसरं. ‘चलनाची तारीख अमुक, साठ्यातील नोंद तमुक, खुलासा आढळत नाही’ एवढं पुरतं. शेवटी ‘योग्य ती कारवाई व्हावी’ लिहू नका, कारण योग्य ती कारवाई म्हणजे सहसा काहीच नाही. मागणी नाव घेऊन करा: या बॅचचा वापर थांबवा, देयक रोखा, सुरक्षा ठेव जप्त करा, पुरवठादाराला काळ्या यादीत टाकण्याची नोटीस द्या, तपासणी समितीच्या सदस्यांची १९७९च्या शिस्त व अपील नियमांखाली विभागीय चौकशी करा.

दारं अनेक आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. नियमभंग आणि निष्काळजीपणा विभागाच्या सचिवांकडे. लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, क्रमांक १०६४. रंगेहाथ पकडायला पूर्वपरवानगी लागत नाही. पण ‘चुकीचा खरेदी निर्णय घेतला’ अशा आरोपात २०१८पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७अ आडवं येतं: तपासाआधी सरकारची मान्यता लागते, त्यासाठी तीन महिने, वर एक महिना वाढीव. पुढे खटल्यासाठी पुन्हा वेगळी मंजुरी. लोकायुक्तांकडे मंत्र्यापर्यंतची तक्रार जाते. ते शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत, पण त्यांचं पत्र आलं की खात्याला उत्तर द्यावंच लागतं.

एक दार लोक विसरतात, लेखापरीक्षणाचं. राज्याच्या रुग्णालयांसाठी मुंबई आणि नागपूरची महालेखापाल कार्यालयं, जिल्हा परिषदेसाठी स्थानिक निधी लेखापरीक्षा, मुंबई महापालिकेसाठी तिचे मुख्य लेखापरीक्षक. तुमच्या कागदांची प्रत त्यांना पाठवा. लेखापरीक्षकाने आक्षेपाचा परिच्छेद काढला की तो पूर्तता होईपर्यंत कार्यालयाच्या डोक्यावर बसतो. तुमच्या रुग्णालयावर आधीचे कोणते आक्षेप प्रलंबित आहेत, हेही मागवता येतं. मला तर सगळ्यात जास्त माल याच कागदात सापडला आहे. राज्याच्या आरोग्यसेवेवरचा महालेखापरीक्षकांचा सविस्तर अहवाल डिसेंबर २०२४मध्ये विधिमंडळात मांडला गेला. असे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात, आणि तुमचा आमदार त्या समितीवर असेल तर त्याला दोन पानं नेऊन द्यायला काय हरकत आहे?

आत काम करणाऱ्यांसाठी

औषधनिर्माण अधिकारी, भांडारपाल, परिचारिका यांना सगळं आधी कळतं आणि अडकतातही तेच. तोंडी आदेशावर सही करू नका. ‘माल प्राप्त नाही, प्राप्त झाल्यावर नोंद घेण्यात येईल’ ही एक ओळ टिपणीवर लिहून वर पाठवा, आणि तारखेसह तिची प्रत घरी ठेवा. समितीत असाल तर असहमती त्याच कागदावर नोंदवा, मागाहून वेगळं पत्र देऊ नका. जागल्यांच्या, म्हणजे आतून गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४मध्ये मंजूर होऊनही लागू झालेला नाही, तेव्हा त्याच्या आधारावर उडी मारू नका. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात माजी उपअधीक्षकाने २०२३मध्येच आर्थिक गैरव्यवहाराची तक्रार दिली होती. त्यांची बदली झाली. ज्यांच्याविरुद्ध ती तक्रार होती त्या माजी प्राचार्यांना सीबीआयने अटक केली ती सप्टेंबर २०२४मध्ये, आणि तीही वेगळ्याच भयंकर घटनेने देश हादरल्यावर. केंद्रीय संस्थेत असाल तर ओळख गुप्त ठेवून दक्षता आयोगाकडे तक्रार करण्याची सोय २००४पासून आहे, ती वापरा.

घड्याळ

सह्या करणाऱ्यांच्या निवृत्तीच्या तारखा माहीत करून घ्या. निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची तर १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ आड येतो: घटना चार वर्षांहून जुनी असेल तर चौकशी सुरूच करता येत नाही. म्हणून तक्रारीत घटनेची तारीख ठळक लिहा, त्यापुढे चार वर्षं कधी पुरी होतात ती तारीख लिहा, आणि अधिकारी निवृत्तीच्या जवळ असेल तर त्याआधी दोषारोपपत्र बजावण्याची मागणी स्वतंत्र परिच्छेदात करा. दर दोन महिन्यांनी माहिती अधिकारात एकच विचारा: माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर आजवर कोणी, कोणत्या दिवशी, काय शेरा लिहिला?

त्या १४ मार्चच्या नोंदीवर चौकशी झाली. पुरवठादाराची सुरक्षा ठेव कापली गेली, भांडारपालाची वेतनवाढ रोखली. समितीच्या अध्यक्षांचं नाव अहवालात होतं. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि अहवाल सचिवांच्या टेबलावर पोचला तेव्हा चार वर्षं पुरी होऊन १९ दिवस उलटले होते.